हिरव्या ठिपक्याच्या कारागिरांना खुलं पत्र

प्रति,
बाणेर, हिंजवडी, खराडी, ऐरोली, मिहान इथे बसून इंग्लंडातल्या कचेऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि रात्री-बेरात्री सांभाळणाऱ्या समस्त मराठी संगणकवाल्यांस,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी माझ्या ओळखीचा एकच, माझा भाचा. बाकी कुणाला मी ओळखत नाही. पण तुम्ही लिहिलेलं काही ना काही गेली कित्येक वर्षं मला ओळखत आलंय. मी सकाळी किती वाजता संगणक उघडला, कळफलक किती वेळ वाजला, जेवायला उठलो तो कधी परतलो, सगळं. पत्र लिहायला एवढी ओळख पुरे.

मी राहतो स्लाऊला. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोवर उतरणारी विमानं जिथे अगदी कौलांवरून जातात असं वाटतं, ते गाव. तुमच्यातल्या काहींनी 'द ऑफिस' मालिकेमुळे त्याचं नाव ऐकलं असेल. अमेरिकन नव्हे, मूळची. 2001 साली बीबीसीवर आली ती. वर्नम हॉग नावाच्या कागद विकणाऱ्या कंपनीची स्लाऊ शाखा, तिथला स्वतःला फार विनोदी समजणारा साहेब आणि त्याला सोसणारी माणसं. त्याच गावात राहून मी 22 वर्षं लोकांचे हिशेब लिहिले. त्यामुळे कचेरी, संगणक आणि इंग्रजांचा विनोद या तीन विषयांवर बोलायचा थोडा हक्क सांगतो. चौथा विषय पाळतीचा. तो मी निवडला नाही, अंगावर येऊन पडला.

झालं असं. 2020च्या टाळेबंदीत सगळे घरून काम करू लागलो. कचेरीचं नाव सांगत नाही, माणसं भली होती. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाशेजारी एक ठिपका असायचा. हात चालू असला की हिरवा, थांबला की काही मिनिटांत पिवळा. महिनाअखेर होती आणि बँकेच्या उताऱ्याशी वही जुळत नव्हती. फरक 270 पौंडांचा. आता 270ला 9ने भाग जातो. जुन्या हिशेबनिसांना ही खूण ठाऊक असते, की फरकाला 9ने निःशेष भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. मी पानं छापून घेतली, पेन्सिल घेतली, खिडकीशी बसलो आणि एकेक ओळ टिचकी मारत खाली आलो. 40 मिनिटांनी चोर सापडला. 850च्या जागी कुणीतरी 580 लिहिले होते.

परत येऊन बघतो तर ठिपका पिवळा, आणि साहेबांचा फोन. सगळं ठीक आहे ना? काही अडचण? आपल्याकडचा साहेब ओरडतो आणि विषय मिटतो. इंग्रज साहेब काळजी करतो, आणि ती काळजी संध्याकाळपर्यंत पुरते.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांचं किल्लीचं एचएमटी घड्याळ कपाटातून काढलं, टेबलावर उताणं ठेवलं आणि त्याच्या काचेवर माउस ठेवला. सेकंदकाटा फिरतो आणि माउसच्या पोटातल्या दिव्याला वाटतं, हात हलतोय. ठिपका दिवसभर हिरवा. वडील जिल्हा परिषदेत होते. याच घड्याळाकडे बघत ते मस्टरवर सही करायला वेळेत पोचायचे, तांबडी रेघ पडली नाही याचा त्यांना निवृत्त होईपर्यंत अभिमान होता. त्यांच्या घड्याळाने मुलाची खोटी हजेरी लावली. आणि ती खोटी हजेरी लागली तेव्हाच मला पेन्सिल घेऊन खरं काम करता आलं.

ही गोष्ट भाच्याला सांगितली. पोटभर हसला. मग म्हणाला, "मामा, आम्ही फक्त इव्हेंट मोजतो. त्याचा अर्थ काय लावायचा ते क्लायंट बघतो."

हे पत्र त्या वाक्याला आहे.

तुमच्यातले बरेच जण पायथॉनमध्ये लिहीत असाल. ते नाव अजगरावरून आलेलं नाही. गीडो व्हान रोसम या डच गृहस्थाने 1991 साली ही भाषा बाहेर काढली आणि तिला 'माँटी पायथॉन' या इंग्रज विनोदी टोळीचं नाव दिलं. शिकवताना उदाहरणांत स्पॅम आणि एग्ज येतात, तेही त्या टोळीच्या 1970 सालच्या एका प्रहसनातून. एक बाई खाणावळीत येते. तिथल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम नावाचं डबाबंद मांस आहे, तिला ते नको आहे, आणि 'नको' या शब्दाला त्या खाणावळीत जागाच नाही. नको असलेल्या ईमेलला स्पॅम म्हणायची चाल तिथून पडली. म्हणजे तुमच्या धंद्याच्या शब्दकोशातच त्या बाईची तक्रार नोंदवलेली आहे. कुणी वाचत नाही एवढंच.

मग 2004 साली कॅरल आली. 'लिटल ब्रिटन' मालिकेतली, आधी बँकेत, पुढे सहलींच्या कंपनीत काउंटरवर बसणारी. गिऱ्हाईक काहीतरी साधं मागतं. कॅरल थंड चेहऱ्याने कळा बडवते, पडद्याकडे बघते आणि सांगते, 'कॉम्प्युटर सेज नो.' संगणक नाही म्हणतोय. वर गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोकते. इंग्लंडात हे वाक्य इतकं रुळलं की संसदेतली माणसंही वापरतात. लोक हसतात ते खोकल्याला. मला त्या दृश्यात दुसरंच दिसतं. पडद्याचं तोंड कॅरलकडे आहे. गिऱ्हाइकाला त्याची फक्त पाठ दिसते. संगणक खरंच नाही म्हणाला का, हे तपासायची कुठलीही सोय त्याच्याकडे नाही.

आपल्याकडे कॅरलची मराठी बहीण आहेच. "सर्व्हर डाऊन आहे." सातबाऱ्यासाठी गेलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलं नाही असं होत नाही. रेशनच्या दुकानात तिचं नाव बदलतं, "अंगठा लागत नाही." शेतात आणि भांड्यांत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत, आणि दोष मात्र अंगठ्याचा. भाषेने निकाल देऊन टाकलाय बघा. यंत्र वाचत नाही असं कुणी म्हणत नाही, अंगठा लागत नाही.

आता थोडं मागे जातो. हे मला फार आवडतं, म्हणून जरा रेंगाळणार आहे.

कचेरीचं काम करणारा जगातला पहिला संगणक चहावाल्यांनी बनवला, हे तुम्हाला कॉलेजात बहुधा कुणी सांगितलं नसेल. जे. लायन्स आणि कंपनी. गावोगावी चहाची दुकानं, केक, बन, आइसक्रीम. नफा पैशापैशाचा आणि हिशेब डोंगराएवढा, त्यामुळे कारकुनांच्या फौजा. 1947 साली त्यांचे दोन अधिकारी अमेरिकेत कचेरीच्या नव्या पद्धती बघायला गेले. तिथे त्यांना कळलं की गणित करणारं असलंच एक यंत्र घरापासून जवळ, केंब्रिजमध्ये बनतंय. लायन्सने केंब्रिजला 3,000 पौंडांची मदत केली आणि त्याच धर्तीवर पश्चिम लंडनच्या कॅडबी हॉलमध्ये स्वतःचं यंत्र उभं केलं. लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस, म्हणजेच लिओ. 6,000च्या आसपास व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, आणि स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत. नोव्हेंबर 1951पासून बेकरीच्या मालाचा आठवड्याचा हिशेब त्यावर नियमित होऊ लागला.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते काम 1954चं. दुकानांना रोज किती माल पाठवायचा ते ठरवायचं होतं. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्राकडे नोंदलेली. रोज दुपारी दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी फोन करायचा आणि फक्त बदल सांगायचा. समजा पाऊस आहे, आइसक्रीम कमी करा. किंवा शेजारी लग्न आहे, बन वाढवा. फोनच्या या टोकाला बसलेली मुलगी ऐकता ऐकता ते कार्डावर टोचायची, कार्ड यंत्रात जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या दुकानात बदललेला माल उतरायचा.

यंत्राला दुकान माहीत नव्हतं. बाईंना होतं. ज्यांनी प्रणाली आखली त्यांनी हे पहिल्या दिवशीच मान्य केलं आणि बाईंच्या शब्दासाठी यंत्रात जागा केली. व्हॉल्व्ह तापायचे आणि जळायचे, म्हणून असेल कदाचित, यंत्राचा शब्द प्रमाण मानण्याइतका भाबडेपणा तेव्हा कुणाला परवडतच नव्हता.

आता वंशावळ ऐका. लायन्सने संगणकाची वेगळी कंपनी काढली. 1963 साली ती इंग्लिश इलेक्ट्रिकबरोबर एकत्र आली. 1968 साली सरकारच्या पुढाकाराने मोठं विलीनीकरण होऊन आयसीएल ही संगणक कंपनी उभी राहिली, आणि लिओचं घराणं तिच्यात गेलं. 1990 साली जपानच्या फुजित्सु कंपनीने आयसीएलचा 80 टक्के हिस्सा घेतला. आणि 1996 साली ब्रिटिश पोस्टाच्या काउंटरांचं संगणकीकरण करायचं कंत्राट मिळालं ते याच आयसीएलच्या पोटातल्या एका कंपनीला. त्या प्रणालीचं नाव होरायझन.

पुढचं तुम्ही वाचलं असेल. 1999पासून होरायझन ब्रिटनभरच्या पोस्टांत बसवलं गेलं. खेड्यापाड्यांतली पोस्टं इथे खासगी माणसं चालवतात, किराणा नाहीतर स्टेशनरीच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात, आणि त्यांत आपल्या उपखंडातले लोक पुष्कळ. त्यांना सबपोस्टमास्तर म्हणतात. संध्याकाळी गल्ला मोजावा तर यंत्र म्हणे पैसे कमी आहेत. कंत्राटात अट होती, की तूट तुमच्या हलगर्जीपणामुळे असेल तर ती तुम्ही भरायची. पोस्टाने तिचा अर्थ लावला, कुठलीही तूट तुम्हीच भरायची. लोकांनी घरं गहाण टाकून भरली. 1999 ते 2015 या काळात 900हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं. त्यातले बहुतेक खटले पोस्टाने स्वतःच चालवले होते.

ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावातल्या ली कॅसलटन यांनी पोस्टाच्या मदतकेंद्राला 91 वेळा फोन केला. 91 वेळा. मला लायन्सच्या बाईंचा रोज दुपारचा फोन आठवतो. तेव्हा एका फोनवर बनांची संख्या बदलायची. इथे एक्क्याण्णव फोनांनी एक पेनी हलली नाही. 2007 साली ते हायकोर्टात हरले. वकील परवडत नव्हता म्हणून स्वतःच उभे राहिले होते. पोस्टाच्या खर्चापोटी 3,21,000 पौंड डोक्यावर बसले आणि दिवाळं निघालं. सरे परगण्यातल्या सीमा मिस्रा यांना नोव्हेंबर 2010मध्ये 15 महिन्यांची शिक्षा झाली, त्या गरोदर असताना, मोठ्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी. एप्रिल 2021मध्ये अपील कोर्टाने एका दिवसात 39 जणांची शिक्षा रद्द केली, त्यांत त्या होत्या. तेव्हा त्यांचा मुलगा विशीत पोचला होता.

या प्रकरणावर बोलताना सगळे बगविषयी, म्हणजे प्रणालीतल्या चुकांविषयी, बोलतात. बग होतेच. पण बग कुठे नसतात? तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मला झोप लागू देत नाही ती वेगळी गोष्ट. हिशेबाचा कालखंड बंद करताना पडद्यावर जे पर्याय यायचे त्यांत तूट आत्ता भरा हा एक, आणि मुख्यालयाच्या खात्यावर टाका हा दुसरा. दुसराही कबुलीचाच, फक्त उधारीवर. काहीतरी निवडल्याशिवाय पुढचा कालखंड उघडत नाही, म्हणजे पोस्ट उघडत नाही. 'हा आकडा मला मान्य नाही' असं म्हणायला त्या पडद्यावर बटणच नव्हतं. अॅलन बेट्स हे एक सबपोस्टमास्तर आणि त्यांच्या 554 सहकाऱ्यांनी पोस्टाविरुद्ध जो दावा लावला, त्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांच्यापुढे 2019 साली हे नीट उलगडलं.

कुणीतरी तो पडदा आखला असणार ना? बैठक झाली असेल, कागदावर चौकोन काढले असतील, कुणीतरी चहा मागवला असेल. माणसं दुष्ट नसतील. त्यांना फक्त तिसरा चौकोन सुचला नाही, किंवा सुचला आणि 'व्याप्तीबाहेर' म्हणून खोडला गेला. ज्या घराण्यातल्या पहिल्या यंत्राने दुकानवाल्या बाईंच्या फोनसाठी जागा ठेवली, त्याच घराण्यातल्या यंत्रावर अर्ध्या शतकाने ती जागा बुजलेली होती.

सपोर्टवाल्यांना इथे दोन शब्द वेगळे. फुजित्सुचं सपोर्टचं केंद्र ब्रॅकनेलला होतं, स्लाऊहून फार लांब नाही. तिथल्या मंडळींकडे माहीत असलेल्या चुकांची यादी होती. दुकानाच्या हिशेबात दुरून हात घालायची सोयही त्यांच्याकडे होती, आणि पोस्ट मात्र वर्षानुवर्षं सांगत राहिलं की अशी सोय नाही. तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, यायचं, तिकीट बंद व्हायचं. त्या तिकिटाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कोर्टात उभं आहे हे किती जणांना कळत असेल? आम्ही फक्त मोजतो.

कायद्यानेही या काळात काय करावं? 1984च्या एका कायद्यात, पोलीस आणि पुराव्यांविषयीच्या, कलम 69 होतं. संगणकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून आणायचा तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, असं ते सांगायचं. फार किचकट पडतं म्हणून 1999च्या कायद्याने ते रद्द झालं आणि 2000 सालापासून उलटी चाल पडली. संगणक बरोबर आहे असं धरून चालायचं, चूक आहे म्हणणाऱ्याने दाखवून द्यायचं. म्हणजे होरायझन काउंटरावर चढलं त्याच सुमारास. आता ज्याच्या हातात संगणकाच्या आतलं काहीच नाही, त्या किराणा दुकानदाराने ते कसं दाखवायचं? पडद्याची पाठच त्याच्याकडे. कॅरल कोर्टात जाऊन बसली होती, एवढाच याचा अर्थ.

जाता जाता 'येस मिनिस्टर'. तुमच्यातल्या थोरल्यांना 2001 सालचं 'जी मंत्रीजी' आठवत असेल, फारूख शेखचं. मूळ मालिका बीबीसीची. तिच्यात मार्च 1980मधला एक भाग आहे. देशातल्या सगळ्या नागरिकांची माहिती एका ठिकाणी साठवायचं यंत्र उभं राहतंय, मंत्री जिम हॅकर यांना त्यावर लोकांसाठी संरक्षण हवंय, आणि सचिव सर हम्फ्री ते गोड बोलून लांबवतायत. शेवटी हॅकर थेट टीव्हीवर जाऊन तारीख जाहीर करून टाकतात: अमुक दिवसापासून प्रत्येकाला आपली फाइल बघायचा हक्क. सचिवांचा चेहरा बघण्यासारखा होतो. माहिती संरक्षणाचा ब्रिटिश कायदा आला 1984 साली. विनोद चार वर्षं आधी पोचला.

आणि तेच यंत्र पुन्हा दारात आहे. सप्टेंबर 2025मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली, आणि ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत आले तेव्हा आधारचे शिल्पकार नंदन निलेकणी यांना भेटले. आधारचं कौतुक झालं. त्या भेटीत 'अंगठा लागत नाही' या वाक्याचं भाषांतर कुणी करून दिलं का, याची मला उत्सुकता आहे.

पण मी तुमच्या ठिपक्याविषयी बोलत होतो.

'द ऑफिस'मध्ये एक गंमत आहे. ती मालिका म्हणजे खोटा माहितीपट. कॅमेरा कायम कचेरीत फिरतोय आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे. साहेब काहीतरी आचरट बोलतो, आणि टिम नावाचा पोरगा हळूच कॅमेऱ्याकडे बघतो. बस, तेवढंच. बघितलंत ना, हे असं चालतं आमच्याकडे. त्या एका नजरेवर मालिका उभी आहे. कॅमेऱ्यामागे माणूस आहे आणि त्याला कळेल, हा भरवसा तिच्यात आहे. माझ्या ठिपक्याकडे मी कितीही अर्थपूर्ण नजरेने बघितलं तरी तो पिवळाच.

त्यानंतर काय काय झालं ते भराभर सांगतो. जानेवारी 2016मध्ये डेली टेलिग्राफच्या वार्ताहरांना सकाळी आपापल्या टेबलाखाली छोट्या डब्या चिकटवलेल्या सापडल्या. खुर्चीत कुणी आहे की नाही हे अंगाच्या उष्णतेवरून ओळखणाऱ्या. कारण सांगितलं, वीज वाचवायची आहे. बातमी काढणं हाच ज्यांचा धंदा त्यांच्या टेबलाखाली हे लावायची कल्पना ज्याला सुचली तो थोर. त्याच दिवशी डब्या निघाल्या. फेब्रुवारी 2020मध्ये बार्कलेज बँकेने लंडनच्या मुख्यालयात माणसांच्या संगणकावरचा वेळ मोजणारी प्रणाली चालवून बघितली, बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतली. ज्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर होतं, ती मुळात सुरू झाली पुण्यात. म्हणून म्हटलं, पत्राचा पत्ता मी अंदाजाने लिहिलेला नाही.

मँचेस्टरच्या पोलीस दलात तर याहून बहार. घरून काम करणाऱ्यांपैकी काहींनी संगणक जागा दिसावा म्हणून एकच कळ दाबून ठेवली, आणि पाळत ठेवणाऱ्यांवरच्या पाळतीत पकडले गेले. वाचून मी घड्याळाकडे बघितलं आणि जरा शरमलो. मग शरम गेली. एका कळेवर ठेवलेलं वजन आणि 9ने भाग जाणारा फरक यांतलं अंतर ज्या मापाला कळत नाही, त्या मापाची शरम मी का बाळगावी?

सर्को नावाच्या कंपनीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांच्या पोहण्याच्या तलावांवर, व्यायामशाळांत, 38 ठिकाणी, 2,000हून अधिक कामगारांची हजेरी चेहरा किंवा बोट दाखवून घेतली जायची. फेब्रुवारी 2024मध्ये इथल्या माहिती आयुक्तांनी ती थांबवायला सांगितली. मला त्यातलं कारण महत्त्वाचं वाटलं. चेहरा द्यायचा नसेल तर दुसरं काय, हे कामगारांना नीट सांगितलेलंच नव्हतं. पगार हवा तर चेहरा द्या. कार्ड चाललं असतं, चावीला लटकवायचा बिल्ला चालला असता. पर्याय अवघड नव्हता, फक्त तो चौकोन कुणी काढला नव्हता.

रस्त्यावरच्या चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल एकच आकडा देतो. जून 2017, कार्डिफ, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. साउथ वेल्स पोलिसांच्या यंत्राने 2,470 वेळा 'हा आपल्या यादीतला दिसतो' म्हणून घंटा वाजवली. त्यातल्या 2,297 खोट्या निघाल्या. यंत्रं सुधारली आहेत, मान्य. पण गर्दीत पोलिसाने थांबवल्यावर 'तो मी नव्हेच' हे सिद्ध करायचं काम अजून थांबवलेल्याकडेच आहे. खिशात हात घाला, ओळखपत्र काढा, बोटांचे ठसे द्या, मग जा. 2020 साली अपील कोर्टाने त्याच पोलिसांचा तो वापर बेकायदा ठरवला, एड ब्रिजेस नावाच्या एका कार्डिफकराने दावा लावला म्हणून. त्याने आपल्यापुरतं बटण कोर्टातून मिळवलं, असं मी समजतो.

भाच्याचं म्हणणं मी पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. तो खोटं बोलत नाही. तुम्ही खरंच फक्त मोजता. पण काय मोजायचं हे ठरवताना काय मोजायचं नाही हेही ठरतं, आणि तो निर्णय साहेबाकडे पोचेपर्यंत झालेला असतो. साहेबाला ठिपका दिसतो. पेन्सिल त्याच्या पडद्यावर कुठेच नाही, कारण ती तुमच्या पडद्यावर कधी नव्हतीच. क्लायंट अर्थ लावतो खरा, पण तुम्ही दिलेल्या अक्षरांतूनच लावतो.

त्यामुळे नोकरी सोडा, मोर्चा काढा असलं काही सांगायला मी आलेलो नाही. गृहकर्जाचे हप्ते मलाही ठाऊक आहेत. माझं मागणं एका तिकिटाएवढं आहे. तुमच्याच भाषेत लिहून देतो, भाच्याने नमुना दाखवला होता.

शीर्षक: 'हा आकडा मला मान्य नाही' हे बटण.
वापरणारा: ज्याच्याविषयी आकडा आहे तो. त्याचा साहेब नव्हे.
काय व्हावं: बटण दाबल्यावर आकडा लाल किंवा पिवळा न राहता 'वादात' असा दिसावा, साहेबाच्या पडद्यावरही. कारण लिहायला जागा असावी, निदान 'पेन्सिलने काम चालू होतं' एवढं मावेल इतकी. आकडा काढणारी मूळ नोंद, वेळेसकट, त्या माणसाला तिथेच बघता यावी. पडद्याचं तोंड त्याच्याकडेही वळावं.
काय होऊ नये: बटण दाबल्याबद्दल वेगळा आकडा मोजला जाऊ नये.
प्राधान्य: तुम्हीच ठरवा. क्लायंट विचारणार नाही, हे मी लिहून देतो.
अंदाज: भाचा म्हणतो, दोन दिवस. तपासणी धरून तीन.

बैठकीत कुणी म्हणालं की हे मागितलेलं नाही, तर सांगा, ब्रिडलिंग्टनच्या एका माणसाने मागितलं होतं. 91 वेळा.

कळावे,
आपला,
स्लाऊ इथला एक निवृत्त हिशेबनीस

ता. क. – ते एचएमटी घड्याळ अजून चालतं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. ठिपक्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही.